पिपातली हरळी

आकारामतात्या पहिल्यांदा वाचनालयात आले ते पुस्तकासाठी, पण आत येण्याआधी त्यांनी आमची कुंडी चाखली.

पायरीवर तुळशीची कुंडी असते. तात्या पायऱ्या चढता चढता थांबले, वाकले, चिमूटभर माती उचलून जिभेच्या टोकाला लावली आणि डोळे मिटून जरा वेळ उभे राहिले. मग बाजूला थुंकले, मिशा पुसल्या, आत येऊन माझ्या टेबलासमोर सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुळशीला बोअरचं पानी घालताय. नदीचं घाला. आनी गवतावर एखादं पुस्तक हाय का?"

कृष्णाकाठच्या या गावात मी बरीच वर्षं ग्रंथपाल आहे. लोक कादंबऱ्या मागतात, पोलीस भरतीची पुस्तकं मागतात, एकाने एकदा शेजाऱ्यावर करणी करण्याचं पुस्तक मागितलं होतं. गवतावरचं कुणी मागितलं नव्हतं. आणि तुळशीला मी बोअरचंच पाणी घालत होते.

तात्या माघात गेले. त्यांच्यावर लिहायला बसलं की मला हसू येतं, मग हसल्याची लाज वाटते आणि वही मिटते. असं तीनदा झालं. या खेपेला ठरवलं आहे, हसू आलं तर येऊ द्यावं. त्यांची काही हरकत नसती.

आमच्या भागात घरटी एक फौजी असतो आणि प्रत्येकाजवळ बर्फातल्या पहाऱ्याची एक तरी गोष्ट असते. तात्यांजवळ नव्हती. भरती झाल्यावर थोड्याच वर्षांत त्यांचा गुडघा दुखावला आणि कुठल्याशा छावणीत त्यांना अधिकाऱ्यांच्या मेसपुढच्या हिरवळीवर नेमलं. पुढे जिथं बदली झाली तिथं हिरवळच वाट्याला आली. हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले तेव्हा पारावर कुणी ना कुणी खवचटपणे विचारायचंच, "तात्या, फौजेत किती मारलं?"

"मारलं न्हाई गड्या, कापलं," तात्या शांतपणे सांगायचे. "दर शुक्रवारी."

रस्त्याकडेला गवत दिसलं की ते हात पाठीमागे बांधून त्याची तपासणी करत. काळे बूट रोज चकचकीत. एकदा मलकापूरला एका लग्नात आम्ही दोघंही होतो. मंगल कार्यालयाच्या अंगणात हिरवंगार गवत अंथरलेलं पाहून तात्या पंगतीतून उठले, वाकून बोटांनी चाचपलं. प्लॅस्टिकचं निघालं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. वधूपित्याला वाटलं, पाहुण्यांना काही झालं, तो धावत आला. "काय न्हाई पाव्हणं," तात्या म्हणाले. "ही हिरवळ कवा गेली, तेवढंच इचारत हुतो."

गवतावरचं पुस्तक त्यांना का हवं होतं, हे त्यांनी त्या पहिल्याच दिवशी उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्यांचा आणि धाकट्या भावाचा, नामदेवचा, ओढ्याकडेला एक समाईक तुकडा होता. एके काळी तिथं ऊस माणसाला गिळायचा. वर्षानुवर्षं पाटाचं पाणी तुंबून तो तुकडा मीठफुटा झाला. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी साय धरते आणि पेरलेलं उगवत नाही, अशी जमीन. नामदेवचं म्हणणं होतं, तिथं तळं पाडू आणि मासे सोडू. त्यात वावगं काही नव्हतं, शेजारच्या दोघांनी पाडलीही होती. तात्यांना मात्र ते सोसत नव्हतं.

"जिमीन मेली म्हनतोय त्यो," ते म्हणाले. "मी चाखलीया. मेली न्हाई, रुसलीया."

त्याच सुमारास त्यांच्या जुन्या मेजरसाहेबांचा फोन आला. साहेबांनी निवृत्तीनंतर गुहागरच्या बाजूला समुद्रासमोर घर बांधलं होतं. घरापुढे तीनदा हिरवळ लावली आणि तिन्ही वेळा ती खाऱ्या वाऱ्याने जळाली. आकाराम, समुद्रापुढे टिकेल असं गवत शोध, असं त्यांनी सांगितलं. तात्यांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकमेकींना येऊन चिकटल्या. मीठ इथंही आणि तिथंही. जे गवत आपल्या तुकड्यात जगेल ते साहेबांकडे जगेल. साहेबांकडे जगलं तर किनाऱ्यावरचे बंगलेवाले मागायला येतील, आणि आपला रुसलेला तुकडा त्या गवताची रोपवाटिका होईल.

नामदेवने सगळं ऐकून घेतलं आणि मुदत दिली. "गुढीपाडव्यापतूर, दादा. पाडव्याला जेसीबी येनार. तवा तितं चादरीएवढं हिरवं दिसलं तर बोलू. न्हाई तर मासं."

कुण्या निवृत्त अधिकाऱ्याने आम्हाला दिलेल्या पेटीत गोल्फच्या मैदानांची निगा कशी राखावी यावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. आमच्या गावात त्याला पहिला वाचक मिळायला असा योग यावा लागला. दर मंगळवारी, बाजार करून, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत असताना तात्या माझ्यासमोर बसायचे आणि मी एकेक परिच्छेद मराठीत सांगायची. पॅस्पेलम नावाचं गवत समुद्रकाठी सगळ्यात चिवट, असं पुस्तकात होतं. झोयशिया नावाच्या गवताचंही बरं लिहिलं होतं. मग आम्ही बर्म्युडापाशी आलो.

"बर्मुडा?" तात्या म्हणाले. "ती चड्डी न्हवं का? नामदेवचा पोरगा घालून हिंडतो ती?"

"त्याच नावाचं गवत आहे. खारं पाणी पुष्कळ सोसतं म्हणे."

"फारेनचं आसंल."

"जमिनीवरून धावतं आणि जमिनीखालूनही. सांध्यासांध्याला मूळ धरतं. एकदा शेतात शिरलं की निघत नाही."

तात्यांनी मेथी बाजूला ठेवली. "फुडं वाचा."

पुढच्या पानावर चित्र होतं. तात्यांनी पुस्तक स्वतःकडे ओढलं, चष्मा कपाळावर चढवला, नाक पानाला टेकेपर्यंत वाकले आणि कितीतरी वेळ वर आले नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "ही हरळी हाय."

मी पाहिलं. खरंच, दुर्वा होत्या. दर चतुर्थीला मी ज्या खुडते त्याच.

मग त्यांच्या पोटातून एक हसू निघालं. 'शांतता राखा' या पाटीच्या बरोबर खाली बसून ते हसत होते आणि वर्तमानपत्र वाचणारे तिघेजण पानांवरून बघत होते. "आवं, माझ्या आईची उभी हयात हरळीला शिव्या देन्यात गेली. खुरपं जिजलं, गुडघं जिजलं, हरळी न्हाई जिजली. आनी हितं तिचं पुस्तक छापलंय. रंगीत चितरासकट." डोळे पुसून झाल्यावर ते एकदम गंभीर झाले आणि पुढे वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, ह्ये तुमच्यात नि माझ्यात. गावात बर्मुडाच म्हनायचं. मी रानात हरळी लावतोय म्हनलं तर तोंड दावता येनार न्हाई."

ज्याच्या उसात हरळी दिसते त्या शेतकऱ्याला आमच्याकडे पाहुण्यांसमोर मान खाली घालावी लागते. तेव्हा त्यांचं खरं होतं. मी गुपित पाळलं. पुढे जे रामायण झालं ते या गुपितामुळेच.

पुस्तकात आणखी एक गोष्ट होती: एकाच जातीच्या गवताचे वाण जागोजागी वेगळे होतात, आणि खाऱ्या जागी पिढ्या काढलेला वाण जास्त सोसतो. हे ऐकल्यावर तात्यांनी भरती मोहीमच काढली. वाईच्या घाटाच्या पायऱ्यांच्या फटीतून, शिरवळला हायवेच्या दुभाजकातून, मलकापूरच्या एका शाळेच्या मैदानातून, जतकडे धनगरांच्या मेंढ्या बसतात त्या माळावरून, अशा दहा ठिकाणांहून त्यांनी हरळीचे झुबके गोळा केले. एसटीत मांडीवर मातीची पिशवी घेऊन बसायचे. कंडक्टरने विचारलं तर "जवान हायत" म्हणायचे. पुण्याच्या एका नर्सरीतून पॅस्पेलमही मागवला. सात नंबरचा झुबका मात्र घरचाच होता. मागच्या दारी धुण्याच्या दगडाखाली तो कधीपासून वाढत होता. नामदेव तिथं फरशीची न्हाणी बांधत होता. सिमेंट पडण्याच्या आदल्या दिवशी तात्यांनी तो झुबका खणून काढला. घरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं सोड्याचं पाणी त्याच्यावर ओतलं होतं, आणि तो हिरवाच होता.

निळी प्लॅस्टिकची पिपं मधोमध कापून त्यांनी बारा अर्धपिपं मागच्या अंगणात ओळीने मांडली आणि त्यांवर पांढऱ्या रंगाने नंबर घातले. मुळं धरेपर्यंत गोडं पाणी. मग पहिल्या आठवड्याला बादलीत एक मूठ खडेमीठ, दुसऱ्याला दोन मुठी, तिसऱ्याला तीन. "एकदम रगडा दिला तर कुनीबी मरंल," ते म्हणायचे. "परेड वाडवत न्यायची."

रोज सकाळी हजेरी व्हायची. मी एकदा ऐकली आहे. तात्या बूट घालून ओळीच्या टोकाला उभे राहिले आणि ओरडले, "नंबर एक." मग आवाज बारीक करून स्वतःच म्हणाले, "हजर साब." पानांची टोकं जळायला लागली असतील तर बारीक आवाज म्हणायचा, "शिक रिपोर्ट, साब." जो पूर्ण वाळला त्याच्यापुढे टोपी काढायची. पुण्याचा पॅस्पेलम तिसऱ्या मुठीलाच गेला. मला पुस्तकाची काळजी वाटली. "पुस्तकाची चूक न्हाई," तात्यांनी निकाल दिला. "नर्सरीवाल्यानं दुसऱ्याच कुनालातरी तेच्या नावावर भरती केलंय."

तात्या पोत्याने मीठ नेतात ही बातमी वाण्याच्या दुकानातून निघाली आणि गावभर फिरली. वाण्याने विचारलंच होतं, "तात्या, एवढं मीठ कशाला?" आणि तात्या सवयीने बोलून गेले होते, "जवानांना पाजायला." दोन दिवसांत नामदेवच्या कानावर आलं, की त्याचा भाऊ भरतीच्या पोरांना दम वाढावा म्हणून मीठपाणी पाजतो. भरतीची अकादमी चालवणारा एक पैलवान तर प्रमाण विचारायला घरी आला. तात्यांनी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं, "सातवा सोडला तर समदं आजारी हायत." पैलवान घाबरून परत गेला.

गणपतीच्या तोंडावर पिपांची स्थिती अशी होती, की सात नंबर ताठ आणि लसलशीत, बाकीचे कुणी अर्धे पिवळे, कुणी पुरते. तात्या खुशीत होते. साहेबांकडची माती एकदा स्वतःच्या जिभेने बघावी म्हणून ते गुहागरला जाऊन आले. चतुर्थीला दुपारी परतले. तेवढ्या वेळात त्यांची थोरली बहीण, आक्का, गौरी-गणपतीसाठी माहेरी आली होती.

आक्का म्हणजे आईची खरी वारस. चालता चालता दिसेल ते तण उपटायची सवय, रानात असो की रस्त्यावर. तात्या दारात पाय धुत होते तेव्हाच तिने अभिमानाने सांगितलं, "आकाराम, तुजं ते बर्मुडा का काय, काईबी उगवलं न्हवतं बग. नुसती हरळी माजली हुती पिपात. काल बसून समदी काडली. मुळासकट. बारा पिपं कशी आरशागत झाल्यात."

तात्या तसेच मागच्या अंगणात गेले. बारा पिपं खरोखर आरशासारखी होती. आक्काने माती चाळून, थापून, वर पाण्याचा हात फिरवला होता. परत आले आणि म्हणाले, "आक्का, लय चांगलं काम केलंस. च्या घेतलास का?" नामदेवच्या बायकोने मला हे सांगितलं. ती म्हणाली, "दादा च्याला बसलं खरं, पन च्या संपल्यावरबी कप तोंडालाच हुता."

चहा झाल्यावर त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "मग उपटलेली कुटं टाकलीस?"

"वाळकी म्हशीला घातली. हिरवी लय देखनी हुती रं. गटाराकडची न्हाई, पिपातली, सवळ्यातली. ती दुर्वाला काडली. जुड्या बांदून समद्या गल्लीत वाटल्या, समद्यांच्या गनपतीला. कमी पडली तवा बांदावरची घातली थोडी."

म्हणजे नंबर सात गल्लीभरच्या गणपतींच्या डोक्यावर होता, बांधावरच्या साध्या हरळीत मिसळून. धुण्याच्या दगडावर सिमेंट पडलेलं होतं. पाडवा पुढे होता.

दुसऱ्या दिवसापासून तात्या घरोघर गणपतीच्या दर्शनाला निघाले. आजवर आरतीला न थांबणारा माणूस प्रत्येक घरी जोडे काढून बसू लागला, टाळ्या वाजवू लागला, आणि उठताना विचारू लागला, "कालचं निर्माल्य कुटं ठिवलंय?" लोक कौतुक करू लागले, तात्यांना उतारवयात देव आठवला. माझ्याकडेही आले. माझी जुडी मी टोपलीतून काढून दिली. त्यांनी दोरा सोडवून एकेक काडी उजेडात धरली, सांधे मोजले आणि म्हणाले, "आक्का नेहमी लांब खुडते. तेवडंच बरं झालं. वरची तीन पानं खुडली असती तर संपलो हुतो."

काही घरांनी निर्माल्य विसर्जनापर्यंत राखून ठेवलं होतं, ते काही देईनात. म्हणून विसर्जनाच्या दिवशी तात्या सकाळीच घाटावर टब घेऊन बसले. फुलं एका बाजूला, दुर्वा टबात. येईल त्याच्या हातातून मखरातली जुडी अशा आदराने घ्यायचे की बायका त्यांच्या पाया पडू लागल्या. संध्याकाळी तरुण मंडळाच्या पोरांनी ते पाहिलं आणि माइकवर पुकारा केला: निर्माल्य नदीत जाऊ नये म्हणून दिवसभर घाटावर राबणारे माजी सैनिक. शाल आली, नारळ आला. दोन शब्द बोला म्हणाले. तात्यांनी माइक हातात घेतला, टबाकडे बघितलं आणि म्हणाले, "मला पर्यावरनाचं काय कळत न्हाई. फकस्त टबावर कुनी पाय दिऊ नका."

त्या दुर्वांचे सांधे सांधे कापून त्यांनी ओल्या वाळूत लावले. बरेच कुजले. जे जगले ते पुन्हा बारा पिपांत गेले. या वेळी अंगणात आक्का होती, गौरी गेल्या तरी ती मुक्कामाला राहिली होती. दोन दिवस तिने मुकाट्याने पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आकाराम, ह्यो बर्मुडा म्हंजी हरळीच हाय न्हवं?"

"व्हय."

"मग म्या उपटली ती?"

"ती बी."

आक्का खाली बसली. मग म्हणाली, "आदी सांगायचं न्हवतं का मुडद्या. मला काय गावात सांगायचं हुतं? मी तर सासरी असते." आणि लगेच, "ह्या काडीला पानी कमी पडलंय."

तेव्हापासून पाणी आक्काकडे आणि मीठ तात्यांकडे. पुन्हा पहिली मूठ, दुसरी मूठ. दिवाळीच्या फराळाला मी गेले तेव्हा एकाच पिपात हिरवं उरलं होतं. हाच सात नंबर कशावरून, असं मी विचारलं. तात्यांनी सांगितलं, आक्काने त्याच्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी ओतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो वाढलेला दिसला. "वळख पटली," ते म्हणाले. "घरचाच हाय."

थंडीत हरळी दमाने चालते. तात्यांनी मीठफुट्या तुकड्याला चर काढले, ओढ्याची वाळू मिसळली, गोड्या पाण्याने वरची माती धुऊन काढली आणि बेताबेताने काड्या लावल्या. मंगळवारी आले की मला हाताने दाखवत, एवढं झालं. आधी ताटाएवढं. मग परातीएवढं. माघात घोंगडीएवढं. होळीला म्हणाले, "बाई, चादर झालीया, पन शिंगल." नामदेव कशी चादर म्हणाला होता, शिंगल की डबल, यावर आम्ही बराच खल केला.

पाडव्याला गुढी उभारून मी मुद्दाम त्या बाजूला गेले. जेसीबी आला होता. ड्रायव्हर सोलापूरकडचा होता, दोन दिवसांत दोन तळी पाडून दमलेला. नामदेवला पूजेमुळे उशीर होत होता. तात्या बांधावर बूट घालून उभे होते आणि आक्का खुरपं घेऊन त्यांच्या शेजारी. ड्रायव्हर मशीनवरून उतरला, भोवती सगळी पांढरी फुफाट्याची जमीन बघितली, मधल्या हिरव्या तुकड्यावर आला, चपला काढल्या, फडक्यातली भाकरी सोडली आणि खाऊन झाल्यावर तिथंच आडवा झाला. पाच मिनिटांत घोरू लागला.

नामदेव आला तेव्हा त्याला दिसलं ते असं: जेसीबी गप्प उभा आहे, ड्रायव्हर हिरव्यावर उताणा झोपला आहे, आणि त्याचा थोरला भाऊ उन्हात आपल्या टोपीने त्याच्या तोंडावर सावली धरून उभा आहे.

"उटवा की तेला," नामदेव म्हणाला.

"झोपू दे. दमलाय बिचारा."

नामदेवने चप्पल काढून एक पाय गवतावर ठेवला. मग दुसरा. वाकून त्याने सवयीने एक काडी ओढून पाहिली, निघाली नाही. आणखी जोर लावला तेव्हा आक्का कडाडली, "ए नाम्या, हात काड." नामदेव सरळ झाला. भावाकडे न बघता म्हणाला, "शिंगल चादर हाय ही."

"तू डबल म्हनला न्हवतास," तात्या म्हणाले.

नामदेव हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. ओढ्याच्या पलीकडे त्याचा एकट्याचा पाणथळ तुकडा होता, तिकडे बोट करून तो म्हणाला, "तळं पल्याड पाडू. उटला की सांगा तेला."

पावसाळ्याच्या आधी गवताच्या लाद्या ओल्या पोत्यांत गुंडाळून टेंपोने गुहागरला गेल्या. तात्यांनी तिथं आठ दिवस राहून त्या बसवल्या. साहेबांना एक धडाही दिला, तो मला फोनवरून ऐकवला. "वरून पडतं ते मीठ येगळं नि खालनं येतं ते येगळं. खालच्याला हा भीत न्हाई. वरचं मात्र गोड्या पान्यानं धुवा, साहेब. तोंड धुतल्याबिगर जवान परेडला उभा करायचा नसतो." पावसाळा संपताना साहेबांचा फोन आला. हिरवळ टिकली होती. शेजारच्या दोघांनी गवताचं नाव विचारलं, साहेबांनी 'नंबर सात' एवढंच सांगितलं होतं. तात्या म्हणाले, "बरं केलं. हरळी म्हनला असता तर गेलं असतं समदं."

त्याच वर्षीच्या गणपतीत मी त्यांना त्या तुकड्यात शेवटचं पाहिलं. पुढे थंडीत मी भावाकडे गेले होते आणि परत आले ते थेट त्यांच्या दहाव्यालाच. म्हणून माझ्यापाशी आहे ती आठवण चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळची.

एव्हाना तो तुकडा कडेपासून कडेपर्यंत हिरवा झाला होता आणि गल्लीतल्या सगळ्या बायका दुर्वा खुडायला तिथं आल्या होत्या. बर्मुडा हरळीच आहे हे आता कुणापासून लपलेलं नव्हतं. कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं. बांधावर आक्का काठी घेऊन उभी होती. "वरची तीन पानं," ती ओरडत होती. "सांद्याला हात लावला तर बग. ए पोरी, लांब खुडू नगंस." जिने आयुष्यभर हरळी मुळासकट उपटली ती हे सांगत होती, आणि बायका खाली माना घालून हसत होत्या.

तात्यांनी मला बांधावर बोलावून एक जुडी दिली. त्यांनी स्वतः बांधलेली, एकवीस पानांची, दोरा फौजी गाठीचा.

"नंबर सात," ते म्हणाले. "जरा खारट लागंल. गनपतीला सांगा, सवय हुईल."

मी निघाले. वळणावर जाऊन मागे पाहिलं. तात्यांनी बूट काढून बांधावर जोडीने ठेवले होते. हात पाठीमागे बांधून ते अनवाणी, वाकलेल्या बायकांच्या दोन रांगांमधून सावकाश चालले होते, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखे. मधेच थांबले, एक पान खुडलं आणि जिभेला लावलं. डोळे मिटून उभे राहिले. या खेपेला ते थुंकले नाहीत.